५१२ सीपीयूवर सॉफ्ट लॉकअप येतोय, मग वॉचडॉगची मुदत वाढवायची का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. दोन सॉकेटचं मशीन, ५१२ लॉजिकल सीपीयू, ३ टीबी मेमरी, वर लिनक्स. डेटाबेसच्या पाचशेच्या वर वर्कर प्रोसेस चालतात आणि तुमच्याच टीमने लिहिलेलं एक कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात जोडलेला कोड) या प्रोसेसची मेमरी पिन करून, म्हणजे हलू नये म्हणून जागेवर खिळवून, मशीनमधल्या कार्डाला देतं. डेटाबेस बंद करायला गेलं की लॉगमध्ये 'वॉचडॉग: बग: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ४१७ स्टक फॉर २२ एस' अशा ओळी धडाधड पडतात, कधी ४१७ कधी ८८ कधी ३०२. जुन्या ६४ सीपीयूच्या मशीनवर हेच मॉड्यूल एक शब्द न बोलता चालायचं. आणि सपोर्टवाल्याचं म्हणणं, वॉचडॉग (सीपीयू अडकला का यावर नजर ठेवणारा कर्नलचा पहारेकरी) याची मुदत ठरवणारं सेटिंग, थ्रेश, १० चा ६० करा, प्रश्न मिटेल.

नका करू. म्हणजे मेसेज बंद होतील हे खरंय, पण बंद होतील ते फक्त मेसेज. का ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

हा वॉचडॉग नक्की काय बघतो ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं, अगदी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनाही. प्रत्येक सीपीयूवर एक हाय रिझोल्यूशन टायमर असतो, डिफॉल्ट सेटिंगला दर ४ सेकंदांनी वाजतो. वाजला की तो दोन कामं करतो, एक म्हणजे त्या सीपीयूच्या स्टॉपर थ्रेडला (टॉप कमांडमध्ये मायग्रेशन नावाने दिसतो तो) एक छोटं काम देतो, ते काम एवढंच की 'मी आत्ता चाललो' असा टाइमस्टॅम्प लिहायचा. आणि दुसरं, तो टाइमस्टॅम्प किती जुना आहे ते तपासतो. २० सेकंदांपेक्षा जुना असेल तर बोंब मारतो. थ्रेश १० म्हणजे सॉफ्ट लॉकअपची मुदत त्याच्या दुप्पट, २०. तपासणीच दर ४ सेकंदांनी होते म्हणून तुम्हाला कधी २० दिसत नाही, २२ किंवा २३ असं काहीतरी दिसतं. स्टॉपर थ्रेडपेक्षा वरची प्रायोरिटी शेड्युलरमध्ये कोणाचीच नसते, म्हणजे त्याला चालायला मिळालं नाही याचा अर्थ त्या सीपीयूवर २० सेकंदांत एकदाही शेड्युलिंग झालं नाही, कोणीतरी कर्नलमध्ये बसून राहिलंय आणि उठायला तयार नाही. पण टायमर वाजला ना? म्हणजे इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाका) चालू आहेत. हा झाला सॉफ्ट लॉकअप.

हार्ड लॉकअप म्हणजे टायमरसुद्धा वाजत नाही, इंटरप्टच बंद करून कोणी बसलंय. ते पकडायला एनएमआय (बंद करता न येणारा इंटरप्ट) लागतो, एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, तो पर्फ काउंटरमधून (प्रोसेसरमधल्या मोजणीयंत्रातून) येतो आणि साधारण १० सेकंदांनी बघतो की टायमरचा आकडा पुढे सरकला का. २०२३ मधल्या ६.५ कर्नलपासून बडी नावाचा एक पर्याय आलाय, त्यात प्रत्येक सीपीयू शेजारच्या सीपीयूच्या टायमरवर लक्ष ठेवतो, ज्या हार्डवेअरवर एनएमआयची बोंब असते तिथे बरा पडतो आणि पर्फचा एक काउंटरही वाचतो.

हंग टास्कचा १२० सेकंदांचा मेसेज वेगळा, तो झोपलेल्या प्रोसेसबद्दल असतो, सीपीयू अडकल्याबद्दल नाही. आरसीयू (लॉक न घेता डेटा वाचू देणारी कर्नलची यंत्रणा) स्टॉल आणखी वेगळा, मूळ कर्नलमध्ये २१ सेकंद, काही डिस्ट्रोमध्ये ६०. तुमच्या लॉगमध्ये दोन ठिकाणी आरसीयूच्या ओळीही आहेत, त्या स्वतंत्र आजार म्हणून बघू नका, सीपीयू २० सेकंद बसून राहिला तर आरसीयूही ओरडणारच.

आता तुमचा ट्रेस. प्रत्येक ट्रेसमध्ये आरआयपी (सीपीयू कोडमध्ये कुठे आहे ती जागा) नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ मध्ये, म्हणजे स्पिनलॉक मिळेपर्यंत जागेवर फिरत थांबण्याच्या कोडमध्ये आहे, आणि त्याला बोलावणारं तुमच्या मॉड्यूलचं रिलीज फंक्शन. याचा अर्थ ४१७ नंबरचा सीपीयू काही करत नाहीये, तो लॉकची वाट बघतोय. बिचारा. लॉगमध्ये नाव आलं म्हणून त्याच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही, मोठ्या मशीनवर ज्याचं नाव छापलं जातं तो निम्म्याहून जास्त वेळा भोगणारा असतो, करणारा नाही. आरआयपी स्पिन लॉकच्या स्लोपाथमध्ये असेल, किंवा एसएमपी_कॉल_फंक्शन_मेनी_कॉन्ड मध्ये असेल, किंवा मल्टी_सीपीयू_स्टॉप मध्ये असेल तर डोळे झाकून समजा की हा दुसऱ्या कोणासाठी खोळंबलाय.

मग करणारा कोण? इथे एक अडचण आहे. एक्स८६ च्या क्यूड स्पिनलॉकमध्ये लॉक कोणाकडे आहे हे लिहिलेलंच नसतं. ३२ बिटांच्या त्या शब्दात लॉक घेतलंय की नाही, एकजण पेंडिंग आहे की नाही, आणि रांगेच्या शेवटी कोण उभा आहे एवढंच मावतं. म्हणजे क्रॅश डंप उघडून लॉक बघितलंत तर रांगेतला शेवटचा सीपीयू कळतो, पहिला नाही, आणि मालक तर नाहीच. (डीबग स्पिनलॉक चालू करून कर्नल बांधलं तर मालक दिसतो, पण प्रॉडक्शनवर ते कोणी ठेवत नाही. पॉवर प्रोसेसरवाल्यांचं बरंय, त्यांच्या लॉकमध्ये मालकाचा नंबर असतो.) त्यामुळे सिसआरक्यू एल (कर्नलला थेट आदेश देणारी कळ) मारून सगळ्या चालू सीपीयूंचे बॅकट्रेस (कोणी कोणतं फंक्शन बोलावलं याची साखळी) घ्यायचे, किंवा डंप असेल तर क्रॅश या टूलमध्ये बीटी वजा ए, आणि शोधायचं की तुमच्या मॉड्यूलमध्ये असूनही स्लोपाथमध्ये नसलेला एक सीपीयू कोणता. तुम्ही हे दोनदा केलंय आणि दोन्ही वेळेला वेगळा सीपीयू सापडला, दोन्ही वेळेला तो लिस्टवरून चालत होता, आणि त्यावरून तुम्ही लिहिलंय की 'काहीच पॅटर्न नाहीये'.

पॅटर्न हाच आहे. कोणीही अडकलेलं नाहीये. सगळे नियमाने रांगेत उभे आहेत, रांग पुढे सरकतेय, फक्त रांग फार लांब आहे.

तुमचा कोड मी वाचला तो असा आहे: पिन केलेल्या प्रत्येक मेमरी तुकड्याची एक नोंद, सगळ्या प्रोसेसच्या सगळ्या नोंदी एकाच ग्लोबल लिस्टमध्ये, त्या लिस्टवर एक स्पिनलॉक. प्रोसेस मेली की रिलीज फंक्शन लॉक घेतं, पूर्ण लिस्ट चालतं, आपल्या नोंदी काढून बाजूला घेतं, लॉक सोडतं, मग अनपिन करतं. आता हिशोब करू. ३ टीबी मेमरी, साधारण ४ एमबीचे तुकडे, म्हणजे ८ लाखांच्या आसपास नोंदी. लिस्टच्या नोंदी मेमरीत इकडेतिकडे विखुरलेल्या, त्यामुळे पुढच्या नोंदीवर जाणं म्हणजे जवळपास दर वेळी कॅश मिस, अर्धा वेळ तर दुसऱ्या सॉकेटच्या मेमरीतून आणायचं, शंभर नॅनोसेकंद धरा. ८ लाख गुणिले १०० नॅनोसेकंद म्हणजे ८० मिलीसेकंद. पहिल्या प्रोसेसने लॉक ८० मिलीसेकंद धरलं. प्रत्येकजण आपल्या नोंदी काढून नेतो म्हणून लिस्ट आखडत जाते, शेवटच्याला जवळपास काहीच चालावं लागत नाही, तेव्हा सरासरी ४० धरू. डेटाबेस बंद झाला की ५१२ प्रोसेस एकाच झटक्यात मरतात आणि ५१२ सीपीयूंवरून एकाच लॉकवर येऊन आदळतात. रांगेत शेवटी असलेल्याच्या पुढे ५११ जण, ५११ गुणिले ४० मिलीसेकंद, २०.४ सेकंद.

बरोबर मुदतीच्या काठावर. म्हणूनच कधी येतो कधी येत नाही.

आता जुनं मशीन घ्या. ६४ सीपीयू, ६४ प्रोसेस, नोंदी १ लाख, सरासरी धरणं ५ मिलीसेकंद, पुढे ६३ जण, ०.३ सेकंद. सीपीयू ८ पट झाले आणि थांबणं ८ पट नाही, ६४ पट वाढलं, कारण रांगही ८ पट लांबली आणि रांगेतला प्रत्येकजण लॉक धरून बसण्याचा वेळही ८ पट झाला. हा वर्गाचा (आकडा गुणिले तोच आकडा) हिशोब ज्याच्या डोक्यात पक्का बसला त्याला निम्मे लॉकअप कोड वाचतानाच दिसायला लागतात. प्रत्येक सीपीयूने मिळून एखादं काम केलं आणि त्या कामाची लांबी सीपीयूंच्या संख्येवर किंवा मेमरीवर अवलंबून असली की समजायचं वर्ग होतोय. 'फॉर ईच पॉसिबल सीपीयू' हा प्रत्येक सीपीयूसाठी एकदा फिरणारा लूप तर इतका साधा दिसतो की रिव्ह्यूमध्ये कोणी थांबत नाही, आणि तो लूप प्रत्येक सीपीयूवरून एकदा चालला तर ५१२ वर तो २,६२,१४४ वेळा फिरलेला असतो.

तेव्हा थ्रेश ६० केला तर काय होईल? मुदत १२० सेकंद होईल. (६० ही कमाल आहे, ० केलं तर वॉचडॉगच बंद.) मेसेज जाईल, पण २० सेकंद ५०० सीपीयू फुकट फिरत राहतील ते तसेच, त्या २० सेकंदांत त्या सीपीयूंवर दुसरं काहीही चालणार नाही, त्यातच तुमच्या क्लस्टरच्या हार्टबीटची प्रोसेस असली तर तिची मुदत काही सेकंदांचीच असते, ती संपेल आणि दुसरा नोड याला मेला समजून फेन्स करेल, म्हणजे क्लस्टरबाहेर काढेल. मग तुम्ही महिनाभर नेटवर्कवाल्यांशी भांडत बसाल. आणि पुढच्या वर्षी मॅनेजमेंटने ७६८ थ्रेडचं मशीन आणलं (१९२ कोरचे एपिक दोन सॉकेटमध्ये घातले की ७६८ होतातच) आणि मेमरीही त्या प्रमाणात वाढवली की हाच आकडा २० चा ४५ होईल.

कायमचा उपाय तुमच्या बाबतीत अगदी साधा आहे. ग्लोबल लिस्ट नकोच. फाइल उघडताना प्रत्येक प्रोसेसला स्वतःचं स्ट्रक्चर द्या, प्रायव्हेट डेटात लटकवा, तिच्या नोंदी तिच्याच लिस्टमध्ये, लॉकही तिचंच. रिलीजमध्ये दुसऱ्या कोणाशी संबंधच येत नाही, शोधणं नाही, रांग नाही. ग्लोबल लिस्ट आकडेवारी दाखवण्यासाठी हवीच असेल तर पर सीपीयू काउंटर ठेवा, लिस्ट नको.

काही कारणाने ग्लोबल लिस्ट ठेवणं भागच असेल तर निदान लॉक धरून चालू नका. लॉक घ्या, लिस्ट_स्प्लाइस_इनिट ने पूर्ण साखळी आपल्या खाजगी हेडवर ओढून घ्या, लॉक सोडा, मग निवांत चाला. साफ करणारा एकच असेल तर हे फार छान काम करतं, त्याहून हलकं हवं तर एललिस्ट आहे, त्यात पूर्ण लिस्ट एका एक्सचेंजमध्ये उचलता येते, लॉकच लागत नाही.

एक आडवाट मी बऱ्याच टीममध्ये बघितलीय, ती तुम्हीही घ्याल म्हणून आधीच सांगतो. लॉकची गर्दी नको म्हणून सगळी साफसफाई एका वर्कक्यूवर (कर्नलच्या कामांच्या रांगेवर) टाकायची, एकच केवर्कर (ती कामं करणारा कर्नलचा थ्रेड) सगळ्यांच्या नोंदी उचलणार आणि अनपिन करणार. गर्दी गेली. पण आता ३ टीबी म्हणजे ४ केबीची ८० कोटी पेजेस एकटा माणूस अनपिन करणार, पेजमागे १०० नॅनोसेकंद धरले तरी ८० सेकंद, आणि मध्ये कुठे थांबा नसेल तर परत सॉफ्ट लॉकअप, या वेळी मात्र लॉगमधलं नाव खऱ्या करणाऱ्याचं. इथे कॉन्ड_रिशेड लागतं. दर पाचशे ते हजार पेजेसनंतर एकदा हाक मारायची, कोणी वाट बघत असेल तर तो चालून घेतो, नसेल तर फंक्शन तसंच परत येतं, खर्च नगण्य. त्यातच आपला स्टॉपर थ्रेडही येऊन टाइमस्टॅम्प लिहून जातो म्हणून वॉचडॉग शांत राहतो, आणि हे शांत राहणं प्रामाणिक असतं. कर्नलची स्वतःची मेमरी सोडण्याची वाट अशीच तुकड्यातुकड्यात चालते, नाहीतर १ टीबीची प्रोसेस मारली की दर वेळी २६ कोटी पेजेससाठी बोंब झाली असती. ह्यूज पेज वापरत असाल तर अजूनच सोपं, २ एमबीच्या हिशोबाने ३ टीबी म्हणजे १५ लाख ७२ हजार, फक्त ड्रायव्हरने हिशोब फोलिओवर (सलग पेजेसच्या गठ्ठ्यावर) ठेवला पाहिजे, ह्यूज पेज घेऊन आत परत ४ केबी मोजत बसणारे ड्रायव्हर मी बघितलेत.

कॉन्ड_रिशेडचे दोन नियम मात्र पाळायचे. स्पिनलॉक धरून ते बोलवायचं नाही, 'शेड्युलिंग व्हाइल अॅटॉमिक' मिळेल. लॉक धरूनच चालायचं असेल तर कॉन्ड_रिशेड_लॉक आहे, ते गरज पडली तर लॉक सोडून परत घेतं, पण लॉक सुटलं म्हणजे तुमच्या हातातला लिस्टचा पॉइंटर शिळा झाला, पुढची नोंद कोणीतरी काढून फ्रीही केली असेल, तेव्हा एकतर परत सुरुवातीपासून नाहीतर लिस्टमध्ये खुणेची नोंद घालून तिथून पुढे. हे न करता फक्त फंक्शनचं नाव बदललं तर लॉकअप जाऊन त्याच्या जागी मेमरी करप्शन येईल, जे शंभर पट वाईट. दुसरा नियम आरसीयूचा, आरसीयू रीड लॉकच्या आत लांब लूप असेल तर कॉन्ड_रिशेडने भागत नाही, तो भागच तोडायला हवा.

आणि फुल प्रीएम्प्ट कर्नलवर कॉन्ड_रिशेड जवळपास रिकामं असतं, कारण तिथे कर्नलमधूनही कधीही उठवता येतं. २०२१ च्या ५.१२ पासून बूटच्या वेळी मोड निवडता येतो, २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ६.१३ मध्ये लेझी प्रीएम्प्ट नावाचा मधला मार्ग आलाय आणि दिशा अशी आहे की हळूहळू ही शेकडो कॉन्ड_रिशेड उपटून टाकायची. मला ते पटतं. पण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही हे लक्षात घ्या, स्पिनलॉक धरलं की प्रीएम्प्शन बंदच होतं, यातला मोड कोणताही असो.

टच_एनएमआय_वॉचडॉग किंवा टच_सॉफ्टलॉकअप_वॉचडॉग लूपमध्ये घालणं, हे तुमच्या सहकाऱ्याने सुचवलंय म्हणताय. त्याला नम्रपणे नाही म्हणा. त्या फंक्शनची जागा आहे, हळू सीरियल पोर्टवर लांबलचक काही छापताना, डीबगरमध्ये थांबलेलं असताना, पॅनिकच्या वाटेवर, जिथे दुसरा इलाजच नाही आणि काम कधीतरी संपणार हे नक्की आहे. ड्रायव्हरच्या साफसफाईच्या लूपमध्ये ते दिसलं तर मी पॅच तिथेच परत पाठवतो.

तुमचं लॉक साधं स्पिन_लॉक आहे म्हणून निदान सॉफ्टवर निभावलं. ते आयआरक्यूसेव्ह (घेताना इंटरप्टही बंद करणारं) असतं तर रांगेतले पाचशे जण इंटरप्ट बंद करून उभे राहिले असते, १० सेकंदांत हार्ड लॉकअप, आणि त्याहून वाईट म्हणजे आयपीआय. आयपीआय म्हणजे एका सीपीयूने दुसऱ्यांना मारलेली हाक, टीएलबी (मेमरी पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) साफ करा वगैरे, आणि हाक मारणारा सगळ्यांची ओ येईपर्यंत थांबतो. सोसायटीच्या सभेत ५१० सभासद येऊन बसलेत आणि एकजण खाली गाडी लावतोय म्हणून कामकाज सुरूच होत नाही, तसं. एकाने इंटरप्ट बंद ठेवले की ज्याचा तुमच्या मॉड्यूलशी, डेटाबेसशी, कशाशीही संबंध नाही असा कुठलातरी सीपीयू एसएमपी_कॉल_फंक्शन मध्ये लटकतो आणि लॉगमध्ये नाव त्याचं. यासाठी एक फार कामाची सोय आहे, सीएसडी लॉक वेट डीबग, ती कर्नलमध्ये बांधलेली आणि चालू केलेली असेल तर डिफॉल्ट ५ सेकंदांनंतर लिहिते की अमुक सीपीयू तमुक सीपीयूची वाट बघतोय. तमुकचं नाव सरळ छापून येतं! ज्यांना मोठी मशीन सांभाळायचीत त्यांनी हे चालू ठेवावं असं माझं मत. टीएलबीच्या हाकांपुरतं सांगायचं तर आर्मवर हार्डवेअरच सगळ्यांना कळवतं, आणि एएमडीच्या नव्या प्रोसेसरवर तसा आदेश वापरणं ६.१५ कर्नलपासून लिनक्सला जमायला लागलंय, त्यामुळे हा प्रकार पुढे कमी होईल.

हे फक्त आपल्यासारख्या बाहेरच्या मॉड्यूलवाल्यांचंच दुखणं आहे असं वाटून घेऊ नका. २०१७ मध्ये इंटेलच्या टिम चेन यांनी कर्नलमध्ये एक पॅच दिला होता, त्यात ४ आणि ८ सॉकेटच्या मशीनवरचं निरीक्षण लिहिलंय की एकाच पेजची वाट बघणाऱ्यांची यादी ३७०० च्या वर गेली आणि सगळ्यांना उठवायला ०.८ सेकंद लागले, तेवढा वेळ यादीचं लॉक धरलेलं, बाकीचे त्यावर फिरतायत. कारण काय, तर नूमा बॅलन्सिंग (मेमरी ती वापरणाऱ्या सीपीयूजवळ नेणारी कर्नलची सोय) एक पेज दुसऱ्या नोडवर हलवत होतं आणि ते पेज हजारो थ्रेडना हवं होतं. उपाय काय केला? यादी चालताना ठरावीक संख्येनंतर खूण ठेवायची, लॉक सोडायचं, परत घ्यायचं, खुणेपासून पुढे. पुढे तो कोड बदलला, पण युक्ती तीच जी वर सांगितली. नेटवर्कच्या सॉफ्टआयआरक्यूला (इंटरप्टनंतर उरलेलं काम करणाऱ्या भागाला) तर बजेटच ठरवून दिलंय, एका फेरीत ३०० पॅकेट किंवा काही मिलीसेकंद, जे आधी संपेल ते, उरलं तर नंतर. तुमच्या मॉड्यूलमधल्या प्रत्येक लूपला हाच प्रश्न विचारा, याची कमाल किती, आणि ती कमाल मशीनच्या आकाराबरोबर वाढते का.

स्पिनलॉकची जात बदलून काही होईल का असंही विचारलंय. पूर्वीच्या तिकीट लॉकमध्ये सगळे थांबलेले एकाच कॅशलाइनवर डोळे लावून बसायचे, लॉक सुटलं की ती लाइन शेकडो कोरमध्ये नाचायची. २०१५ च्या ४.२ कर्नलपासून क्यूड लॉक आलं, मूळ कल्पना १९९१ ची, मेलर-क्रमी आणि स्कॉट यांची, प्रत्येकजण आपापल्या जागी थांबतो. त्याने रांगेतला गोंधळ संपला. रांगेची लांबी नाही संपली. म्यूटेक्स केलात तर थांबणारे झोपतील, वॉचडॉग गप्प होईल, बाकीची कामं तरी चालतील, म्हणजे स्पिनलॉकपेक्षा बरं, पण डेटाबेस बंद व्हायला तेवढाच वेळ लागेल.

आता पुन्हा तपासणीबद्दल. लॅबमध्ये थ्रेश वाढवायचा नाही, कमी करायचा. १ ठेवा, म्हणजे सॉफ्ट लॉकअपची मुदत २ सेकंद, आणि मग डेटाबेस बंद चालू करत बसा. जे प्रॉडक्शनवर पुढच्या वर्षी फुटणार ते आजच फुटेल. सोबत पर्फ लॉक कंटेन्शन चालवा, ५.१९ कर्नलपासून त्यासाठी स्वतंत्र ट्रेसपॉइंट आहेत आणि कुठल्या लॉकवर कोण किती थांबलं ते कोडच्या जागेसकट दिसतं, तुमचा रिलीज त्यात सगळ्यात वर असेल. इंटरप्ट किती वेळ बंद होते ते बघायला आयआरक्यूज ऑफ ट्रेसर आहे पण बहुतेक डिस्ट्रो कर्नलमध्ये तो बांधलेला नसतो, वेगळं कर्नल लागेल.

मोठं मशीन हाताशी नाही म्हणून लॅपटॉपवर क्यूईएमयूत ५१२ व्हीसीपीयू देऊन बघू, हे मात्र करू नका. १६ कोरवर ५१२ व्हीसीपीयू नाचवले की लॉक धरलेला व्हीसीपीयू होस्टने मध्येच बाजूला काढलेला असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी फिरत बसतात, त्यातून येणारे लॉकअप खोटे. हीच गोष्ट उलटी पण लागू आहे, व्हर्च्युअल मशीनमध्ये सॉफ्ट लॉकअप दिसला तर कोड उघडण्याआधी टॉपमध्ये एसटी चा रकाना बघा, स्टील टाइम, म्हणजे होस्टने हिरावून घेतलेला वेळ. स्नॅपशॉट किंवा मायग्रेशनच्या वेळेशी मेसेजची वेळ जुळतेय का ते बघा. केव्हीएमच्या गेस्टमध्ये तर हार्ड लॉकअपचा पहारा मुळातच बंद ठेवलेला असतो याच कारणासाठी. ज्यांचा हा प्रकार आहे त्यांनी मुदत वाढवली तर मी काही म्हणणार नाही, तिथे घड्याळच दुसऱ्याच्या हातात आहे. तुमचं मशीन साधं बेअर मेटल आहे, तुम्हाला ती सवलत नाही.

आणखी एक, तुम्ही सॉफ्टलॉकअप_ऑल_सीपीयू_बॅकट्रेस १ केलंय. लॅबमध्ये ठीक, प्रॉडक्शनवर आजच ० करा. तुमचा कन्सोल सीरियलवर आहे, ११५२०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरं. ५१२ सीपीयू, प्रत्येकी ५० ओळी, ओळीत ८० अक्षरं धरली तर वीस लाखांच्या वर अक्षरं होतात, छापायला जवळपास तीन मिनिटं. आणि छापणारा सीपीयू तेवढा वेळ कन्सोलला चिकटून बसू शकतो, त्याच्यावरच मग नवीन लॉकअप येतो, त्याचा परत बॅकट्रेस. २०१८ च्या ४.१६ पासून छापण्याचं काम थांबलेल्या दुसऱ्या सीपीयूकडे सोपवता येतं म्हणून पूर्वीसारखं एकाच्याच गळ्यात पडत नाही, आणि कन्सोलची छपाई वेगळ्या थ्रेडकडे देण्याचं कामही टप्प्याटप्प्याने येतंय, पण सगळे कन्सोल ड्रायव्हर त्यात आलेले नाहीत. एका ग्राहकाकडे मूळ लॉकअप २१ सेकंदांचा होता आणि त्याच्या बॅकट्रेसने मशीन सव्वातीन मिनिटं बसवलं, लोक आठवडाभर त्या दुसऱ्याच भागाचा तपास करत होते. कन्सोलची लॉग लेव्हल खाली आणा, सविस्तर माहिती डीमेसेजमध्ये राहतेच, आणि खरंच पूर्ण चित्र हवं असेल तर केडंप (कर्नल कोसळताना मेमरीची प्रत जपणारी सोय) लावून सॉफ्टलॉकअप_पॅनिक १ करा, डंपमध्ये सगळे सीपीयू एका क्षणाचे मिळतात. प्रॉडक्शनवर पॅनिक परवडतो का ते तुमच्या डीबीएना विचारून ठरवा.

इंटरप्टच्या वाटपावरही एक नजर टाका, तुमच्या कार्डाला ६४ क्यू आहेत असं दिसतं. म्हणजे आठ सीपीयू मागणी टाकणार आणि त्यांची सगळी उत्तरं एका सीपीयूवर येणार. एनव्हीएमई डिस्कवर नेमक्या याच कारणाने लॉकअप आलेले आहेत, बाकीचे जितक्या वेगाने काम टाकतात तितक्या वेगाने एकट्याला उरकत नाही आणि तो इंटरप्टमधून बाहेरच येत नाही. आत्ता तुमच्याकडे तसं दिसत नाहीये, पण रिलीजची रांग गेली की लोड वाढेल आणि मग दिसेल. थ्रेडेड इंटरप्ट करून ठेवा.

तर क्रम असा ठेवा: आज बॅकट्रेस ० आणि लॉग लेव्हल खाली, थ्रेश १० वरच. या आठवड्यात लिस्ट प्रोसेसनिहाय करा, बदल दीडदोनशे ओळींच्या वर जाणार नाही. अनपिनच्या लूपमध्ये दर ५१२ पेजेसना कॉन्ड_रिशेड घाला, आत्ता प्रत्येक प्रोसेसच्या वाट्याला ६ जीबी म्हणजे १५ लाख पेजेस येतात आणि ते पाव सेकंदाच्या आत उरकतं, पण उद्या कोणी एकाच प्रोसेसला १ टीबी दिली तर तोच लूप २७ सेकंदांचा होतो. मग लॅबमध्ये थ्रेश १ ठेवून चालवा आणि पर्फ लॉक कंटेन्शनचा आउटपुट इथे टाका, त्यात मॅप लॉकचं (प्रोसेसच्या मेमरी नकाशावरच्या लॉकचं) नाव वर आलेलं दिसलं तर त्याचं वेगळं बोलू.